पाना आपल्याही हातात शोभतो

बायकांच्या गुडघ्यांबद्दल आपल्याकडे बोलणं खूप होतं, खर्च मात्र होत नाही. होतो तो एकदम शेवटी, वाट्या बदलायची वेळ आली की. तोवर तेल लावा, गरम पाण्याची पिशवी घ्या, पट्टा बांधा आणि पोळ्या लाटा. महिला मंडळाच्या कामानिमित्त आरोग्य शिबिरांत बसायचा योग येतो, तिथे चाळिशी ओलांडलेली प्रत्येक दुसरी बाई खुर्चीतून उठताना मांडीवर हात टेकते. डॉक्टर सांगतात, ‘व्यायाम करा.’ बाई हसते. ‘डॉक्टरसाहेब, दिवसभर दुसरं काय करते?’

आमच्या शेजारच्या वहिनींना मात्र डॉक्टरांनी नेमकं सांगितलं. वय बावन्न, वीस वर्षं शिलाई मशीन, दोन्ही गुडघे झिजलेले आणि कंबर धरलेली. ‘पाठ टेकून चालवायची व्यायामाची सायकल मिळते, ती घ्या.’ हिला इंग्रजीत रिकम्बंट म्हणतात. खुर्चीसारखं आसन, मागे पाठ, आणि पायडल खाली नव्हे तर समोर. नेहमीच्या व्यायामाच्या सायकलीवर टांग टाकून चढावं लागतं, वर त्या अरुंद सीटवर बसून पुढे वाकायचं. हिच्यावर खुर्चीत बसावं तसं बसता येतं. कंबरेला आधार, मनगटांवर भार नाही, पडायची भीती नाही. साडीतल्या बाईला हे किती महत्त्वाचं, ते कारखानदाराला कळलं असेल-नसेल, आपल्याला लगेच कळतं.

वहिनींच्या मुलाने पुण्याहून सायकल मागवून दिली. खोकं आलं आणि जिन्याखाली गेलं. का? तर ‘तो दिवाळीला आला की जोडेल.’ दिवाळीत तो दोनच दिवस आला, फराळात आणि भेटीगाठींत गेले. मग संक्रांत. तोवर खोक्यावर पापडाचे डबे, त्यावर जुनी वर्तमानपत्रं. डॉक्टरांची चिठ्ठी त्या ढिगाच्या वर!

मला राग येतो तो इथे. मशीनची सुई बदलणारी, बॉबिन केस साफ करणारी, कुकरचं झाकण आणि मिक्सरचं भांडं उघडून जोडणारी बाई चार नटबोल्टांसाठी माणसाची वाट का बघते? ‘ताई, आपल्याला नाही जमायचं ते,’ वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, खोकं तर उघडू या.

ज्यांच्या जिन्याखाली असं खोकं असेल त्यांच्यासाठी आता सविस्तर सांगते. खोकं तीस-चाळीस किलोचं असतं, एकटीने ओढू नका. जिथे सायकल कायम ठेवायची तिथेच उघडा, कारण जोडल्यावर ती सरकवणं त्रासाचं. खाली जुनी सतरंजी पसरा. सगळे भाग काढून माहितीपत्रकावरच्या चित्राशी ताडून पाहा. आमच्या पत्रकात मराठीचा एक शब्द नव्हता आणि इंग्रजीही असं, की बी. ए.ला इंग्रजी घेतलेली मीसुद्धा चक्रावले. पण चित्रं पुरेशी असतात. नट, बोल्ट, वायसर वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवा. हळदीकुंकवाच्या वाट्या आम्हाला फार उपयोगी पडल्या. पाना आणि एल आकाराची षटकोनी किल्ली बहुधा खोक्यातच येते.

आधी पुढचा आणि मागचा आडवा पाया लावायचा. मग आसनाची दांडी, आसन, पाठ, बाजूच्या मुठी. इथे एकच नियम पाळा: कुठलाही बोल्ट पहिल्या झटक्यात पूर्ण आवळू नका. सगळे बोल्ट हाताने बसवून घ्या, भोकं एका रेषेत आली की मग आळीपाळीने आवळा. एक गच्च केला की दुसऱ्याचं भोक सरकतं आणि मग ओढाताण होते. ब्लाऊजची बाही लावताना आधी टाके घालून घेतो ना, तसंच. हे सांगितल्यावर वहिनींनी पाना माझ्या हातातून घेतला तो परत दिलाच नाही.

समोरचा उभा खांब बसवताना त्याच्या पोटातून एक वायर येते, खालच्या भागातूनही एक येते. दोन्हींची टोकं आधी जोडायची, मग खांब खाली बसवायचा, आणि वायर कडेत चिमटत नाही ना ते बघायचं. वायर चेपली तर वरच्या छोट्या पडद्यावर वेळ, वेग काहीच उमटत नाही, आणि मग सगळं पुन्हा खोला.

सगळ्यात घोळ होतो पायडलांशी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं नेहमीसारखं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आवळतं, डावं उलट दिशेने. चालवताना पायडल आपोआप सैल होऊ नये म्हणून ही सोय. रस्त्यावरच्या साध्या सायकलीतही असंच असतं. पायडलवर इंग्रजी एल आणि आर कोरलेलं असतं. डावं-उजवं ठरवायचं ते आसनावर बसून, समोर उभं राहून नाही. सुरुवातीचे चार-पाच फेरे बोटांनीच फिरवा. सहज गेलं तर बरोबर, अडलं तर काढून पुन्हा. जोर करून पाना लावला की आटे मरतात, मग क्रँकच बदलावी लागते. आणखी एक खूण: पाना वरच्या बाजूला उभा धरून सायकलच्या तोंडाकडे ढकलला की दोन्ही पायडल आवळतात. सायकल दुरुस्तीवाल्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं. आपल्याला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

दोन तास लागले. मधे चहा झाला. शेवटी पायाखालचे गोल खुंटे फिरवून डुगडुगणं थांबवलं आणि वहिनी बसल्या. पायडल फिरलं, आवाज जवळजवळ नाहीच. याचं कारण गमतीचं आहे. आत जड चाक असतं आणि त्याच्याजवळ लोहचुंबक. बटण फिरवलं की चुंबक चाकाच्या जवळ जातं, फिरत्या चाकात वीज निर्माण होते आणि तीच वीज चाकाला मागे ओढते. काही घासत नाही, झिजत नाही. पहाटे पाचला चालवली तरी घरातलं कुणी जागं होत नाही. अशा साध्या सायकलीचा पडदा पेन्सिल सेलवर चालतो, त्यामुळे वीज गेली तरी अडत नाही. (या सायकलीचा इतिहासही मजेदार आहे. १९३३ साली पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या सायकलपटूने रेलून चालवायच्या सायकलीवर तासाभरात ४५ किलोमीटर कापून विक्रम केला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ठरवून टाकलं की ही सायकल शर्यतीत धरायचीच नाही! आरामात बसून कुणी पुढे गेलेलं लोकांना खपत नाही, हे असं जुनं आहे.)

आता चालवण्याबद्दल. आसन पुढे-मागे सरकतं, त्याचं अंतर नीट लावणं हे अर्धं काम. टाच पायडलवर ठेवा, पाय जास्तीत जास्त लांब गेला की गुडघा जवळपास सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात थोडासा वाक राहतो, तो बरोबर. आसन फार जवळ असेल तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. ‘सायकलने गुडघे जास्तच दुखायला लागले’ म्हणणाऱ्यांचं निम्म्या वेळा हेच झालेलं असतं. फार लांब असेल तर दर फेऱ्याला कंबर हलते. घरात उंची वेगवेगळी, म्हणून आपल्या खाचेवर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा.

पहिला आठवडा पाच-दहा मिनिटं, ताण सगळ्यात कमी. आधी वेळ वाढवा, ताण नंतर. किती जोरात चालवायची? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत. मुठींवर नाडीचा आकडा दिसतो, पण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंद राहते, त्यांनी आकड्यापेक्षा श्वासाकडे बघावं. पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरींवर तर फार विसंबू नका, तो अंदाज असतो; त्या भरवशावर जिलबी खाऊ नये. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, लहान मुलांची बोटं लांब ठेवा. मधुमेह असेल तर अनवाणी चालवू नका, नंतर तळपाय तपासा. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर वेळ कमी करा. छातीत दडपलं, चक्कर आली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठायचा, ‘गॅस असेल’ म्हणत बसायचं नाही. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसूच नये.

ही सायकल म्हणजे सगळं काही, असंही नाही. दुकानदार हे सांगत नाही म्हणून मी सांगते. बसून पायडल मारल्याने मांडीचे स्नायू आणि हृदय सुधारतं, पण हाडांना बळकटी यायला पायांवर वजन पडावं लागतं. पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात, तेव्हा झेपेल तसं चालणंही हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलंय: मध्यम व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या बळाचा. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस केली तरी त्याची सुरुवात होते. फुकट आहे.

मग चालायलाच का जाऊ नये? जरूर जा, जमत असेल तर. पण चिपळूणच्या पावसात चार महिने आणि अकोल्याच्या मे महिन्यात कुठे जाणार? छोट्या गावात पहाटे अंधारात बाई एकटी निघाली की कुत्री आणि नजरा दोन्ही मागे लागतात. घरातली वस्तू म्हणून कामाची वाटते ती यासाठी.

आणि ‘घरकाम हाच व्यायाम’ हे वाक्य आता पुरे झालं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांची ८८. तरीही ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासाप्रमाणे भारतात २०२२ मध्ये पुरेशी शारीरिक हालचाल न होणाऱ्या स्त्रिया ५७ टक्के होत्या आणि पुरुष ४२ टक्के. त्या मोजमापात घरकामही धरलेलं होतं बरं का. म्हणजे आपण दिवसभर उभ्या राहतो, वाकतो, थकतो, पण हृदयाला कामाला लावणारी सलग वीस मिनिटं काही मिळत नाहीत. थकणं वेगळं, ताकद येणं वेगळं.

वहिनींच्या घरी पुढे काय झालं? पहिल्या महिन्यात यजमान हौसेने बसले आणि सोडून दिलं. मग सायकलवर टॉवेल आला. टॉवेलमागून शाल. एक दिवस सासूबाई म्हणाल्या, ‘चांगला खुंटा झाला बाई पंधरा हजारांचा.’ वहिनींनी टॉवेल उचलला, दोरीवर टाकला आणि म्हणाल्या, ‘संध्याकाळी पाच ते साडेपाच मला कुणी हाक मारायची नाही.’ सायकल जोडण्यापेक्षा हे वाक्य जोडायला त्यांना जास्त वेळ लागला असेल. पहिल्या आठवड्यात हाका आल्याच. ‘अगं, साखर कुठेय?’ जागेवरूनच उत्तर गेलं, पायडल थांबलं नाही. गुडघे बरे झाले असं त्या म्हणत नाहीत, झीज काही भरून येत नाही. पण जिना उतरताना आता त्या कठड्याला दोन्ही हातांनी धरत नाहीत.

पंधरा हजार आणि त्यापुढची किंमत प्रत्येकीला झेपणारी नाही, हे मान्य. पण एक सायकल एका घरात दिवसाचे साडेतेवीस तास रिकामीच असते ना? बचत गट पिठाची गिरणी घेतात, शेवयांचं यंत्र घेतात, भाड्याने द्यायला मांडवाची भांडी घेतात. स्वतःच्या गुडघ्यांसाठी एक वस्तू घ्यायचा ठराव कुठल्या गटाच्या वहीत मी अजून पाहिला नव्हता. जुनी विकाऊही मिळते, लोक हौसेने घेतात आणि काढून टाकतात. घेताना फक्त बसून बघा, पायडल डुगडुगत असेल तर आटे मेलेले असतात, सोडून द्या.

आमच्या मंडळाने गेल्या महिन्यात अशीच एक जुनी घेतली. मंडळाच्या खोलीत ठेवली आहे, जोडायला वहिनी आल्या होत्या, स्वतःचा पाना घेऊन. वेळा लिहायला शंभर पानी वही केली आहे. सध्या त्यात नऊ नावं आहेत. सकाळच्या वेळा भरल्या, दुपारी चारची मात्र कुणालाच नकोय, कारण तेव्हा नळाला पाणी येतं.