वाट टिकली पाहिजे

कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या माउंट फ्रोमवरच्या सायकलवाटा सिडारच्या फळ्यांचे अरुंद पूल आणि मुळांनी भरलेले उतार यांमुळे जगभर गाजल्या. पावसाने फळ्या कुजल्या, माती वाहून गेली. १९९७ साली स्थापन झालेली नॉर्थ शोअर माउंटन बाइक असोसिएशन स्वयंसेवकांच्या बळावर या वाटा नव्याने बांधते. खाली दगड रचायचे, वर मातीचा थर दाबायचा, पाणी बाजूला काढून द्यायचं. अशा वाटेवरून उतरताना चाक सहसा घसरत नाही. जुन्या सायकलस्वारांची तक्रार मात्र रास्त आहे. कसोटी पाहणारा अवघडपणा कमी झाला. तो जरूर राखावा, पण पाण्याच्या निचऱ्याचा बळी देऊन नव्हे. या अंकात दोन्ही बाजू मांडल्या आहेत. वाचकहो, वाद जरूर घाला, पण कधीतरी फावडंही हाती घ्या.