'पारंपरिक' या शब्दाआड हरवलेली माणसे : तीन नाताळगीतांचा इतिहास

१/ डिसेंबर उजाडला की एक गोष्ट समाजमाध्यमांवर हमखास फिरू लागते. ऑस्ट्रियातील एका गावच्या चर्चमधला ऑर्गन उंदरांनी ऐन नाताळात कुरतडला, धर्मगुरूची पंचाईत झाली, आणि त्या अडचणीतून एका रात्रीत 'सायलेंट नाइट' हे गीत जन्मले. गोष्ट गोड आहे, पण त्या उंदरांना समकालीन पुरावा एकही नाही. आजचा धागा या उंदरांविषयी आहे आणि त्यांनी खरोखर काय कुरतडले त्याविषयीही.

२/ माझे मत आरंभीच सांगून टाकतो. लोकप्रिय गीताखाली आपण 'पारंपरिक' असा शिक्का मारतो, तेव्हा बहुधा परंपरेचा गौरव होत नसतो; शोध घेण्याचा कंटाळा झाकला जात असतो. त्या शिक्क्याखाली खरी माणसे, त्यांचा काळ आणि पुष्कळदा गीताचा अर्थही गाडला जातो. नाताळच्या तीन प्रसिद्ध गीतांवरून हे दाखवता येते.

३/ प्रथम 'सायलेंट नाइट'. मूळ जर्मन शब्द योसेफ मोर याचे. जन्म १७९२, साल्झबुर्ग. आई अविवाहित, विणकाम करून पोट भरणारी, बाप सैनिक. अनौरस मुलाला त्या काळी धर्मगुरू होण्यासाठी चर्चची खास परवानगी लागे. ती मिळवून १८१५ साली तो धर्मगुरू झाला आणि मारियाप्फार या डोंगराळ गावी सहायक म्हणून रुजू झाला. तेथेच १८१६ मध्ये त्याने सहा कडव्यांची ही कविता लिहिली.

४/ हे साल ध्यानात ठेवा. नेपोलियनची युद्धे नुकतीच संपली होती. शतकानुशतके आर्चबिशपांच्या सत्तेखाली असलेले साल्झबुर्ग तेरा-चौदा वर्षांत हातोहाती फिरून १८१६ मध्ये ऑस्ट्रियाकडे आले होते. त्यातच १८१५ च्या एप्रिलात आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याच्या परिणामाने युरोपात १८१६ हे 'उन्हाळा नसलेले वर्ष' ठरले. पिके बुडाली, धान्य महागले. शांततेची ही कविता अशा वर्षी लिहिली गेली.

५/ पुढल्या वर्षी मोर ओबर्नडॉर्फला आला. साल्झाख नदीकाठचे हे गाव मिठाच्या नौकांवर जगणारे. नव्या तहाने नदी हीच सीमा ठरली, आणि पलीकडचे लाउफेन, जे पूर्वी याच वस्तीचा भाग होते, ते बव्हेरियाच्या राज्यात गेले. काल एक असलेल्या वस्तीचे दोन देश झाले. फाळणीचा इतिहास वाचलेल्या आपल्याला हे फारसे समजावून सांगावे लागू नये.

६/ येथे मोरची गाठ फ्रांत्स क्सावर ग्रुबर याच्याशी पडली. हा विणकराचा मुलगा. जवळच्या आर्न्सडॉर्फ गावी शाळामास्तर आणि ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक. २४ डिसेंबर १८१८ रोजी मोरने त्याला कविता दिली आणि दोन आवाज, गायकवृंद व गिटार यांच्यासाठी चाल मागितली. त्याच रात्री ते गीत गायले गेले. चाल एका दिवसातली, हे खरे. पण शब्द दोन वर्षांपूर्वीचे होते. 'एका रात्रीतला चमत्कार' ही कथा येथेच लंगडी पडते.

७/ मग गीत जगभर गेले कसे? कार्ल माउराखर नावाचा ऑर्गन बांधणारा कारागीर ओबर्नडॉर्फला कामानिमित्त आला आणि जाताना ते आपल्या त्सिलरताल खोऱ्यात घेऊन गेला. त्या खोऱ्यातील श्ट्रासर कुटुंब हातमोजे विकण्यासाठी दूरदूरच्या जत्रांना जाई आणि तेथे गातही असे. त्यांच्या तोंडून ते लाइपझिगला पोहोचले. राइनर कुटुंबाच्या गायकांनी १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कला ऐकवले. फेरीवाले आणि कारागीर हेच त्या काळचे प्रसारमाध्यम होते.

८/ १८३० च्या दशकात ड्रेस्डेनमध्ये ते छापले गेले, तेव्हा त्यावर ना मोरचे नाव होते, ना ग्रुबरचे. 'अस्सल टिरोली गीत' एवढीच ओळख. वास्तविक ते टिरोलचे नव्हतेच. ते साल्झबुर्ग प्रांतातले. पण टिरोली गायकांची तेव्हा चलती होती, तो शिक्का विकला जात होता. 'पारंपरिक' या शब्दाचा हा पहिला धडा : अनेकदा तो विक्रेत्याच्या सोयीचा असतो.

९/ गीत मोठे झाले, तसा लोकांना प्रश्न पडला की एवढी सुंदर चाल कोण्या खेडवळ मास्तराची कशी असेल? म्हणून ती मिखाएल हायडन या नामवंत संगीतकाराच्या नावावर चढवण्यात आली. १८५४ मध्ये बर्लिनच्या राजदरबारी वाद्यवृंदाने साल्झबुर्गच्या सेंट पीटर मठाकडे हायडनच्या हस्तलिखिताची विचारणा केली. योगायोगाने ग्रुबरचा मुलगा त्याच मठात गायनाचे शिक्षण घेत होता. बातमी बापापर्यंत पोहोचली.

१०/ ग्रुबर तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. ३० डिसेंबर १८५४ रोजी त्याने या गीताच्या उगमाची हकीकत लिहून काढली. तिच्यात तारीख आहे, मोरचे नाव आहे, गिटार आहे. बिघडलेला ऑर्गन नाही आणि उंदीरही नाहीत. जो माणूस त्या रात्री प्रत्यक्ष गायला, तो ज्या उंदरांचा उल्लेख करीत नाही, ते पुढल्या पिढ्यांतील कथाकारांनी पाळलेले आहेत.

११/ मोर मात्र हे पाहायला उरला नव्हता. १८४८ साली वाग्राइन येथे त्याचे निधन झाले होते. त्याचे हयातीत काढलेले एकही चित्र नव्हते. विसाव्या शतकात शिल्प घडवायचे ठरले, तेव्हा चेहऱ्याचा अंदाज यावा म्हणून त्याची कवटी थडग्यातून बाहेर काढावी लागली. जगातील बहुधा सर्वाधिक गायल्या जाणाऱ्या नाताळगीताच्या कवीची ही अवस्था.

१२/ आणि १९९५ मध्ये मोरच्या हातचे एक हस्तलिखित उजेडात आले. त्यात त्याने शब्द आपले व १८१६ चे असल्याचे नोंदवले आहे; चालीचे श्रेय ग्रुबरला दिले आहे. ग्रुबरने मोरला श्रेय दिले, मोरने ग्रुबरला. दोघांनी परस्परांची आठवण राखली. विसरलो ते आपण.

१३/ यात काय बिघडले, असे कुणी विचारील. बिघडले ते असे. सहा कडव्यांपैकी आज सर्वत्र तीनच गायली जातात. गळालेल्या कडव्यांत एक असे आहे, की ज्यात येशू जगातील सर्व लोकसमूहांना भावाच्या मायेने कवेत घेतो. युद्धाने पिंजून निघालेल्या प्रदेशात, १८१६ साली लिहिलेली ही ओळ केवळ भाविक नव्हे, असे मला वाटते. साल विसरले गेले, कडवे गळाले, आणि उरले ते एक अंगाईगीत.

१४/ दुसरे उदाहरण 'कॅरल ऑफ द बेल्स'. अमेरिकी चित्रपटांनी घरोघरी नेलेल्या या चालीचे मूळ नाव 'श्चेद्रिक'. ती युक्रेनी; रचनाकार मिकोला लेओंतोविच. एका जुन्या लोकगीताच्या चार स्वरांच्या तुकड्यावर त्याने ही वृंदरचना उभारली आणि डिसेंबर १९१६ मध्ये ती कीव्हमध्ये प्रथम गायली गेली. मूळ शब्दांत घंटा नाहीत, नाताळही नाही. एक पाकोळी घरधन्याकडे येते आणि येत्या वर्षी भरभराट होईल असे सांगते. ते नववर्षाचे गीत आहे.

१५/ क्रांतीनंतर युक्रेन स्वतंत्र राष्ट्र म्हणून टिकण्यासाठी धडपडत होते. आपल्याला वेगळी संस्कृती आहे हे जगाला पटावे, म्हणून १९१९ मध्ये ओलेक्सांद्र कोशिट्स याच्या नेतृत्वाखाली एक गायकवृंद परदेशी धाडण्यात आला. ५ ऑक्टोबर १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 'श्चेद्रिक' घुमले. तोवर ते राष्ट्र उरले नव्हते आणि रचनाकारही. २३ जानेवारी १९२१ रोजी, वडिलांच्या घरी रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या एका हस्तकाने लेओंतोविचला गोळी घातली होती.

१६/ १९३६ मध्ये पीटर विल्हूस्की याने त्या चालीवर घंटांविषयी नवे इंग्रजी शब्द रचले आणि ती नाताळची झाली. विल्हूस्कीला दोष देण्याचे कारण नाही. छापील स्वरलिपीवर लेओंतोविचचे नाव असते. पण ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे? जे गीत एका राष्ट्राचे ओळखपत्र म्हणून जगापुढे ठेवले गेले, तेच आज बहुतेकांच्या लेखी बेवारस आहे.

१७/ तिसरे उदाहरण उलट्या दिशेचे. 'जिंगल बेल्स' १८५७ मध्ये बोस्टनमध्ये प्रसिद्ध झाले, निराळ्या शीर्षकाने. कर्ता जेम्स लॉर्ड पियरपॉन्ट. गीतात नाताळाचा उल्लेखच नाही; बर्फावरची घोडागाडी, तरुण पोरांची मौज आणि आपटी, इतकेच. मॅसॅच्युसेट्समधले मेडफर्ड आणि जॉर्जियातले सव्हाना या दोन्ही गावांनी 'हे गीत आमचे' म्हणून स्मृतिफलक लावले आहेत. श्रेयासाठी भांडायला दोन गावे तयार!

१८/ परंतु संशोधक कायना हॅमिल यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की याचा पहिला ज्ञात प्रयोग सप्टेंबर १८५७ मध्ये बोस्टनच्या ऑर्डवे हॉलमध्ये झाला, आणि तोही गोऱ्या नटांनी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची थट्टा करण्याच्या 'मिन्स्ट्रेल' खेळात. पियरपॉन्टचे वडील गुलामगिरीचे कडवे विरोधक. तो स्वतः पुढे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या घोडदळात सामील झाला. ही माहिती दोन्ही गावांच्या फलकांना सोयीची नाही.

१९/ म्हणून ते गीत गाऊ नये काय? मी तसे म्हणत नाही. १८५७ च्या त्या रंगमंचापासून ते गीत फार दूर आले आहे. डिसेंबर १९६५ मध्ये जेमिनी ६ यानातील अंतराळवीरांनी माउथ ऑर्गन आणि घुंगरांवर ते थेट अवकाशात वाजवले. गीत आपल्या जन्मस्थळाला जन्मठेपेसारखे बांधलेले नसते. पण जन्मस्थळ ठाऊक असणे आणि ते पुसून टाकणे यांत फरक आहे. गौरवाची माहिती हवी आणि अडचणीची नको, असे म्हणणारा इतिहासप्रेमी नसतो. तो फलक रंगवणारा असतो.

२०/ आता एक रास्त आक्षेप. लोकगीत हे सर्वांचेच असते, मग नावाचा अट्टाहास का? आपल्या संतांनी याचा विचार वेगळ्या रीतीने केला. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. गीत गाणारा प्रत्येक जण कर्त्याचे नाव घेतल्याशिवाय ते पुरे करूच शकत नाही. याच मुद्रेखाली इतरांच्या रचनाही शिरल्या, क्षेपकांचा प्रश्न उभा राहिला, हे खरे. तरीही तुकोबांचे नाव शोधण्यासाठी आपल्याला थडगे उकरावे लागले नाही.

२१/ आणि कर्ता खरोखर अज्ञात असेल तरी नोंद शक्य असते. १९०३ मध्ये राल्फ व्हॉन विल्यम्सने सरे परगण्यातील फॉरेस्ट ग्रीन गावी गार्मन नावाच्या माणसाकडून एक लोकचाल उतरून घेतली. पुढे ती बेथलेहेमविषयीच्या एका प्रसिद्ध गीताला लावली. चालीला त्याने गावाचे नाव दिले. गायकाचे नाव टिपणात राहिले. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवताना गाणाऱ्या बायांची नावे व गावे नोंदवली. लोकपरंपरेचा खरा मान राखायचा तो असा.

२२/ तरुण मित्रहो, पुढच्या वेळी एखाद्या गीताची 'रंजक जन्मकथा' तुमच्यापुढे आली, तर पुढे धाडण्याआधी तीन प्रश्न विचारा. या कथेचा सर्वांत जुना लेखी पुरावा कोणत्या सालचा? ज्यांनी ते गीत घडवले, त्यांनी स्वतः काय लिहून ठेवले आहे? आणि ही कथा टिकल्याने कोणाची सोय होते? हेच प्रश्न पोवाड्याला लागू पडतात, आरतीला आणि बखरीतल्या प्रसंगालाही.

२३/ उंदरांची गोष्ट काढून टाकल्याने 'सायलेंट नाइट' लहान होत नाही. अनौरस म्हणून हिणवला गेलेला एक धर्मगुरू, विणकराच्या पोटी जन्मलेला एक मास्तर, एक गिटार, दुभंगलेले एक गाव आणि उपासमारीचे एक वर्ष : ही सत्यकथा त्या दंतकथेहून कितीतरी मोठी आहे. यंदा ते सूर कानी पडले, तर मोर आणि ग्रुबर ही दोन नावे शेजारच्याला सांगा.

धागा समाप्त.