दोष थंडीचा, कीं पावसाळ्याचा?

मार्गशीर्ष सरत आला कीं कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतील सभासदांकडून एकच गाऱ्हाणें ऐकूं येऊं लागतें. पहाटे तीनचारच्या सुमारास भाजी भरून उभी असलेली जुनी मालमोटार चालू होत नाहीं, आणि दोष थंडीस दिला जातो. या गाऱ्हाण्याचा विचार आम्हीं थोड्या विस्तारानें करण्याचें योजिलें आहे. कारण आमच्या मतें येथें आरोपी चुकीचा पकडला जात असून शिक्षा भलत्यालाच भोगावी लागत आहे.

राजनाल्याचें पाणी ज्यांच्या शेतापर्यंत पोंचतें त्यांस उन्हाळी भाताचा आधार असतो. इतर पुष्कळांचा हिवाळा विहिरीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यावरील भेंडी, कारलीं, काकडी, दुधी यांवर आणि जमिनींतील ओलीवर येणाऱ्या वालावर निभतो. वाल थांबूं शकतो. भेंडी थांबत नाहीं. आदल्या सायंकाळीं तोडलेला माल कल्याण, पनवेल किंवा वाशीच्या बाजारांत उजाडण्यापूर्वीं लागला तर त्याला भाव, उन्हें वर आल्यावर लागला तर समोरचा देईल तें. नवी गाडी घ्या, असें सांगणारे बरेच भेटतात. परंतु ज्याच्या वांट्याला जेमतेम दोन एकर आली आहे त्याला तो उपदेश पोटभर जेवलेल्यानें केलेल्या उपवासाच्या उपदेशासारखा वाटतो. टाटांची ४०७ ही गाडी १९८६ सालीं आली. तिच्या पिढींतल्या गाड्या खेडेगांवांतला साधा कारागीरही उघडून जोडूं शकतो. मालवाहू गाडीस आठ वर्षांनंतर दर वर्षीं योग्यता-प्रमाणपत्र घ्यावें लागतें. तें जी गाडी रीतसर मिळविते ती वापरण्यांत आम्हांस कांहींच कमीपणा वाटत नाहीं.

आतां थंडीकडे वळूं. सह्याद्रीच्या पायथ्याशीं असल्यामुळें आपल्याकडील पहाट अलिबाग-मुरुडाच्या पहाटेपेक्षां गार, हें खरें. कडाक्याच्या दिवसांत पारा दहाबारा अंशांपर्यंत उतरतो. पण दहाबारा अंश म्हणजे लडाख नव्हे! डिझेलच्या यंत्रांत ठिणगी नसते. कोंडलेली हवा सुमारें सतरापट दाबली जाऊन इतकी तापते कीं तींत उडविलेलें तेल आपोआप पेट घेतें. बाहेरची हवा तीस अंशांऐवजीं बारा अंशांची असली तर दाबलेल्या हवेंत हिशेबानें सुमारें पन्नास अंशांची तूट येते. ही हवा कित्येक शें अंशांपर्यंत तापत असल्यामुळें धडधाकट यंत्रास ती तूट सहज सोसते. डिझेल गोठलें म्हणावें, तर हिवाळ्यांतील डिझेलचा प्रवाह-बिंदु फार तर ३ अंश असावा आणि तें ६ अंशांपर्यंत गाळणींतून जावें, असें भारतीय मानक आहे. ऑक्टोबरांत भरलेलें उन्हाळी डिझेल टाकींत तसेंच पडून राहिलें असेल तर तेवढा अपवाद. रोज धांवणाऱ्या गाडीस तो लागू नाहीं. बॅटरीचें म्हणाल, तर पंचवीस अंशांवरून दहा अंशांवर आल्यानें तिचें बळ दहापंधरा टक्क्यांनीं घटतें. चांगल्या बॅटरीजवळ याहून कितीतरी अधिक शिल्लक असते.

मग गाडी अडते कां? आमचें उत्तर असें कीं तिच्यांतला बिघाड पौषांतला नसून श्रावणांतला असतो. कर्जतेस वर्षाकांठीं तीन हजार मिलीमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने गाडी त्या पावसांत आणि खाचरांच्या चिखलांत उभी असते. बॅटरीच्या खुंट्यांवर हिरवापांढरा थर चढतो. बॅटरीची ऋण तार जेथें सांगाड्याला बोल्टानें आवळलेली असते तेथें चिखल बसून गंज धरतो. टाकींतल्या दमट हवेचें पाणी होऊन तळाशीं सांचतें. ऊन असेपर्यंत हे दोष झांकले जातात, कारण गरम यंत्र अर्ध्या बळावरही फिरतें. पहिल्या गार पहाटे वंगण घट्ट होतें, फिरविण्यास अधिक जोर लागतो, आणि जो जोर चार महिन्यांपूर्वींच गळून गेलेला असतो तो अपुरा पडतो. आणि विनोद असा कीं ज्या खोपोलींत १९१५ सालीं टाटांचें वीजघर सुरू झालें, तिच्याच परिसरांतल्या मोटारी बारा व्होल्टांवांचून अडून बसतात.

सबब गाडी अडली असतां प्रथम कान आणि डोळे वापरावे. किल्ली फिरवितांच नुसती टकटक झाली, किंवा यंत्र कण्हत कण्हत फिरलें, तर दोष विजेच्या बाजूचा. दिवे लावून सेल मारावा. दिवे पार मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड सैल आहे. यंत्र झपाट्यानें फिरतें, पण धुराड्यांतून मुळींच धूर येत नाहीं, तर डिझेल पोंचत नाहीं. पांढरा धूर येतो पण यंत्र धरत नाहीं, तर डिझेल पोंचतें परंतु जळत नाहीं. अशा वेळीं हवेची जाळी, नोजल, आणि अखेरीस पिस्टनच्या रिंगांची झीज यांकडे पाहावें. ज्या गाड्यांस हीटर प्लग आहेत त्यांत ते जळले आहेत कीं काय हेंही तपासावें. या तीन खुणा ज्यास कळतात त्याची निम्मी फसवणूक टळते. गाडी ओढून नेल्याबरोबर "पंप-नोजल उतरावें लागेल" असें सांगणारे कारागीर आम्हांस ठाऊक आहेत, आणि तोच दोष केवळ खुंट्या घासून गेल्याचींही उदाहरणें आमच्या पाहण्यांत आहेत.

बॅटरीची परीक्षा अगदीं सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवीत असेल तर ती भरलेली, १२.२ दाखविल्यास निम्मी रिकामी. सेल मारतांना ती साडेनऊच्या खालीं घसरली तर तिचे दिवस भरले असें समजावें. परंतु नवी बॅटरी घेण्यापूर्वीं मल्टिमीटरची एक सुई ऋण खुंटीवर आणि दुसरी यंत्राच्या उघड्या धातूवर धरून सेल मारून पाहावा. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसलें तर बॅटरी निर्दोष असूं शकते. चोर त्या गंजलेल्या तारेंत लपलेला असतो. तार सोडवून दोन्ही टोंकें कानसेनें चकचकीत करावीं, घट्ट आवळावीं, वरून ग्रीस लावावें. खुंट्यांवरचा थर सोड्याच्या कोमट पाण्यानें जातो. सोडा मात्र बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये.

डिझेल पोंचत नसल्यास बहुधा पाइपानें हवा धरलेली असते. तांब्याचा एखादा वायसर झिजलेला असतो किंवा रबरी नळीस बारीक चीर असते. दिवसा कळत नाहीं, पण रात्रभरांत डिझेल हळूहळू टाकीकडे परततें. सकाळीं हातपंप दहावीस वेळां मारल्यावर गाडी लगेच चालू झाली तर दोष येथेंच. रोज हातपंप मारीत बसण्यापेक्षां आठ-दहा वायसर एकदां बदलून टाकणें स्वस्त पडतें. गाळणीच्या तळाची चकती सैल करून पाणी काढण्याचें काम तर दिवाळीपूर्वींच उरकावें.

वंगणाविषयीं एक शब्द. तेल खाणाऱ्या यंत्रांत जाडांतलें जाड वंगण ओतण्याची खोड आपल्याकडे रुळली आहे. त्यानें धूर कमी दिसतो खरा, पण पहाटे तेंच वंगण यंत्राला जखडून ठेवतें. निर्मात्यानें सांगितलेल्या जातीचेंच घालावें.

टाकीखालीं किंवा यंत्राखालीं चिंध्या पेटविण्याचा जो प्रकार चालतो त्याचा आम्ही स्पष्ट निषेध करतों. जुन्या गाडीखालीं डिझेल व वंगण ठिबकत असतेंच. शेजारीं पेंढ्याची उडवी असते, गाडींत माणसें निजलेलीं असतात. आमच्या हवेंत डिझेल गोठतच नाहीं म्हटल्यावर ही आग कशासाठीं? पंपावर कढत पाणी ओतल्यास पंप जाम होण्याची भीति असते. ईथरचा फवारा मारणें त्याहून वाईट. त्यानें रिंगा फुटतात, आणि हीटर प्लग असलेल्या यंत्रांत तर भडका उडूं शकतो. सेल एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये, मध्यें मिनिटभर थांबावें. नाहीं तर बॅटरीबरोबर सेलही जातो.

उतारावर गाडी लावून ठेवण्याची युक्ति चौक-खोपोलीकडे सर्रास चालते. तिला आमचा सरसकट विरोध नाहीं. चाकाखालीं दगड मात्र भक्कम हवा, आणि यंत्र बंद असतां ब्रेकला नेहमींची साथ मिळत नाहीं याचें भान हवें. ट्रॅक्टरच्या बॅटरीची मदत घ्यावयाची झाल्यास गाडी बारा व्होल्टांची आहे ना हें आधीं पाहावें. मोठ्या ट्रकांत दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. धनास धन जोडावें, आणि ऋणाची शेवटची पकड बॅटरीवर न लावतां दूरच्या उघड्या धातूवर लावावी, कारण बॅटरींतून निघणारा वायु ठिणगीनें पेटतो.

हें सर्व सांगून झाल्यावरही खरी अडचण उरतेच, आणि ती यंत्राची नाहीं. पांचसात शेतकरी मिळून जी गाडी वापरतात तिच्या डिझेलचा वांटा प्रत्येक जण खेपेगणिक देतो. बॅटरी मात्र कोणाचीच नसते. ती मेल्यावर वर्गणी मागितली कीं ज्याचा माल त्या दिवशीं नव्हता तो अंग काढून घेतो. परिणामीं चालक बिचारा मरतुकड्या बॅटरीवर महिना महिना ढकलीत राहतो, आणि एके दिवशीं गाडी अडली कीं नुकसानीची भरपाई त्याच्याच रोजांतून होते. असें कांहीं गटांत चालतें हें आम्हांस खात्रीलायक कळलें आहे. चालकाजवळ ना बॅटरी घेण्याचा पैसा, ना ती घेण्याचा अधिकार. मग जबाबदारी तेवढी त्याची कशी? डिझेलबरोबरच दर खेपेस बॅटरी, तारा, वायसर आणि गाळणी यांसाठीं थोडी रक्कम सर्वांनीं बाजूला टाकावी, आणि त्या दिवशीं ज्याचा माल नसेल त्यानेंही टाकावी. गाडींत एक वही ठेवून बॅटरी केव्हां घेतली, पाणी केव्हां काढलें, वंगण केव्हां बदललें हें चालकानें लिहावें, आणि त्यानें मागितलेली दुरुस्ती नाकारणाऱ्यानें आपलें नांव त्याच वहींत लिहावें. ज्या गटांनीं यंदा गाडी अडल्याबद्दल चालकाचा रोज कापला आहे त्यांनीं तो संक्रांतीपूर्वीं त्याच्या हातीं परत द्यावा.