मुंबई पायी पाहण्यासाठी पुस्तक निवडताना

मलकापूर, नांदुरा किंवा शेगाव स्थानकावर रात्री गाडीत बसावे, पहाटे मुंबईस उतरावे, दिवसभर पेठेत खरेदी उरकावी आणि रात्रीच्या गाडीने परतावे, हा बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांचा कित्येक पिढ्यांचा परिपाठ आहे. अशा व्यापाऱ्यास मूळजी जेठा मार्केटमधील गल्ल्या पाठ असतात. मात्र त्या गल्ल्यांच्या पलीकडे काय आहे, असे नातवंडांनी विचारल्यास उत्तर सुचत नाही. आता लग्नाचा बस्ता, मुलांचे शिक्षण, औषधोपचार अशा निमित्तांनी सारे कुटुंबच मुंबईस जाते. त्यात अर्धा दिवस मोकळा मिळाला, तर शहर पायी पाहण्याइतके अल्प खर्चाचे आणि ज्ञान वाढविणारे दुसरे काही नाही. त्यासाठी एक चांगले मार्गदर्शक पुस्तक हवे आणि ते माल पारखावा तसे पारखून घ्यावयास हवे.

मोबाइलमध्ये नकाशा असताना पुस्तक कशाला, असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. नकाशा कोठे वळावे ते सांगतो. कोठे थांबावे आणि का थांबावे ते सांगत नाही. चर्चगेट स्थानकाजवळ आज कोणताही दरवाजा दिसत नाही. जुन्या किल्ल्याच्या तटाला तीन दरवाजे होते व त्यांपैकी एक सेंट थॉमस चर्चच्या दिशेचा होता. १८६०च्या दशकात तट पाडला गेला, नाव तेवढे उरले. बेटांमधील खाडी ओलांडून येणारे लोक जेथे पाय धूत, ती जागा पायधुणी, असे सांगतात. १८१२ पासूनचे गोडीजी पार्श्वनाथ मंदिर त्याच पायधुणीत आहे. दर्शनाला जाणाऱ्या किती कुटुंबांना त्या नावाचा अर्थ ठाऊक असतो?

पहिली पारख आवृत्तीच्या वर्षाची. मुखपृष्ठ पाहण्यापूर्वी आतील पान उलटून छपाईचे वर्ष पाहावे. व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव १९९६ मध्ये बदलले आणि २०१७ मध्ये ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस झाले. एल्फिन्स्टन रोड २०१८ पासून प्रभादेवी आहे. ऑपेरा हाउस परिसरातील हिऱ्यांचा बराचसा व्यवहार २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये गेला. जुने पुस्तक हिरेबाजार पाहण्यासाठी अजूनही ऑपेरा हाउसलाच धाडील. तथापि जुने म्हणून पुस्तक टाकाऊ ठरत नाही. इमारतींचा इतिहास सहसा शिळा होत नाही. वेळा, भाडी, बसचे क्रमांक आणि दुकानांची नावे मात्र लवकर शिळी होतात. पहिल्यासाठी पुस्तकावर आणि दुसऱ्यासाठी ताज्या चौकशीवर विसंबावे.

दुसरी पारख आकाराची. शारदा द्विवेदी आणि राहुल मेहरोत्रा यांचा ‘बॉम्बे : द सिटीज विदिन’ हा १९९५ चा इंग्रजी ग्रंथ मोलाचा खरा, पण तो घरी मेजावर ठेवून वाचण्याचा. त्याच दोघांचे १९९९ चे ‘फोर्ट वॉक्स’ हे फोर्ट भागातील पायी फेऱ्यांसाठीच लिहिलेले आहे. मराठीत गोविंद नारायण माडगावकर यांचे १८६३ चे ‘मुंबईचे वर्णन’ आणि आचार्य व शिंगणे यांचा १८८९ चा ‘मुंबईचा वृत्तांत’ ही पुस्तके प्रवासापूर्वी घरी चाळावीत. ती रस्ता दाखविण्यासाठी नव्हेत, दृष्टी देण्यासाठी आहेत.

तिसरी पारख अशी की लेखक त्या वाटेने स्वतः चालला आहे काय? प्रत्येक फेरीचा स्वतंत्र नकाशा, अंतर आणि लागणारा वेळ दिलेला असावा. वाटेत सावली, बसण्याची जागा व स्वच्छतागृह कोठे आहे, रविवारी कोणता बाजार बंद असतो, हे त्यात असावे. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या कुटुंबास फेरी किती वाजता संपेल हे आधी कळणे अगत्याचे आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, तर फेरी मध्येच कोठे सोडता येते, हेही पाहावे.

चौथी पारख व्यापाऱ्यास सहज उमजावी. रोजकीर्दीतील नोंद आणि तोंडी बोलणे यांत फरक असतो. चांगले पुस्तक तो फरक पाळते. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली व त्याला मातोश्रींचे नाव दिले, ही झाली नोंद. दृष्टी गेलेल्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटेवरून कळावी म्हणून तो उभारला, ही झाली आख्यायिका. दोन्ही सांगाव्यात, पण वेगवेगळ्या. आणखी एक धागाही पुस्तकाने दाखवावा. प्रेमचंदांचे वैभव कापसाचे होते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले. पुढे १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोहोचला आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा कापसाच्या पेठेपर्यंत आला. हा धागा हाती आला, म्हणजे खामगावच्या मुलाला मुंबई परक्यांची वाटत नाही. आपल्या पेठेतील गाठी याच बंदराकडे जात, हे त्याला उमगते.

अखेरची कसोटी दुकानात उभ्याउभ्या घेता येते. ज्या भागाची स्वतःला पक्की माहिती आहे, त्याचे पान प्रथम उघडावे. कापडाच्या व्यापाऱ्याने काळबादेवीचे, सराफाने झवेरी बाजाराचे पान वाचावे. परिचित गल्लीविषयीच पुस्तक चुकत असेल, तर अपरिचित गल्लीविषयी त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा?

पुस्तक घेतल्यावर एका खेपेस एकच फेरी करावी आणि तिचे पान आदल्या रात्री गाडीतच वाचून ठेवावे. बदललेले नाव, बंद झालेले दुकान किंवा नव्याने सापडलेली पाण्याची सोय पेन्सिलीने समासात लिहून तारीख घालावी. पुढच्या वर्षी शिक्षणासाठी मुंबईस जाणाऱ्या घरातील मुलीच्या हाती ते पुस्तक देता येईल.