जमीन कोणाची, आणि पाणी कोणाचे?

लडाखच्या जमिनीचा प्रश्न दिल्लीत नेहमी एकाच अंगाने मांडला जातो : ती विकत घेण्याचा अधिकार कोणाला असावा? हा प्रश्न रास्तच आहे. 5 ऑगस्ट 2019 रोजी कलम 370 बरोबर 35अ चे कवचही गेले. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला लडाख विधानसभेविना केंद्रशासित प्रदेश झाला आणि सहाव्या अनुसूचीच्या मागणीने जोर धरला. जून 2025 मध्ये केंद्राने नोकऱ्यांतील आरक्षण व अधिवासाचे नियम लागू केले. जमीन मात्र त्यांबाहेरच राहिली. त्या वर्षी 24 सप्टेंबरला लेहमधील आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि चौघांचा बळी गेला. घटनात्मक संरक्षणाची मागणी मला न्याय्य वाटते. परंतु जमीन कोणाची हे ठरले, म्हणजे तिच्यावर काय बांधावे हे ठरत नाही.

लेह सुमारे 3500 मीटर उंचीवर आहे आणि तेथे वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो. जवाची शेते आणि पॉपलरची झाडे जगतात ती वितळणाऱ्या हिमाच्या पाण्यावर. हे पाणी पाळीपाळीने वाटण्यासाठी गावोगावी ‘चुरपोन’ नेमण्याची प्रथा आहे. घरही याच काटकसरीत बसणारे होते : उन्हात वाळवलेल्या विटांच्या जाड भिंती, पॉपलरच्या तुळया, मातीचे सपाट छत, आणि पाण्याशिवाय चालून शेताला खत पुरवणारे कोरडे शौचालय.

2011 च्या जनगणनेत लेह शहराची लोकसंख्या सुमारे 30 हजार होती. अलीकडे लडाखला वर्षभरात येणाऱ्या पर्यटकांची संख्या लाखांत मोजावी लागते. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्या आपणासही खोलीत गरम पाणी आणि फ्लशचे शौचालय हवे असते. त्यासाठी विंधन विहिरी खणल्या जातात आणि शोषखड्ड्यांतील मैला त्याच जमिनीत मुरतो. यांतील अनेक हॉटेले व अतिथिगृहे स्थानिकांच्याच मालकीची आहेत. त्यांना मी दोष देत नाही. उपजीविकेचा तोच मार्ग त्यांच्यापुढे खुला आहे. परंतु मालकी स्थानिक राहिली तरी भूजल आटायचे थांबत नाही.

ऑगस्ट 2010 मधील ढगफुटीने दुसरा धडा दिला. त्या रात्री चिखल-दगडांच्या लोंढ्यांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. चोगलमसरची वस्ती उद्ध्वस्त झाली. मातीच्या घरांवर ठपका ठेवणे सोपे होते, पण लोंढ्याने रुग्णालय आणि बसस्थानकालाही सोडले नाही. घर कशाचे आहे, इतकाच ते कोठे आहे हा प्रश्नही महत्त्वाचा होता.

म्हणून बांधकाम परवाना हा केवळ नकाशा आणि सातबाऱ्यासारख्या कागदांचा विषय राहू नये. पाणी कोठून येणार, सांडपाणी कोठे जाणार, आणि जागा कोरड्या नाल्याच्या वाटेवर तर नाही ना, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज तो मिळू नये. हॉटेलाला ही अट घरापेक्षा कडक असावी. परवान्याचा अधिकार 1995 मध्ये स्थापन झालेल्या लेहच्या स्वायत्त पर्वतीय विकास परिषदेकडे, पुरेशा तांत्रिक मनुष्यबळासह, असावा.

यावर एक आक्षेप येईल : पर्यटकांच्या डोळ्यांना बरे दिसावे म्हणून लडाखींनी जुन्या घरांतच राहावे काय? मुळीच नाही. फे गावातील सेकमोलच्या मातीच्या इमारती दक्षिणेकडील काचांतून येणाऱ्या उन्हावर हिवाळ्यातही उबदार राहतात. उलट, खिंडी ओलांडून आणलेल्या सिमेंटच्या पातळ भिंती थंडीत इंधन खातात. आधुनिक घर म्हणजे काँक्रीटचे घर, ही समजूत मैदानी प्रदेशातून आलेली आहे.

जमिनीच्या हक्काविना लडाखी माणसाच्या हाती निर्णय राहणार नाही, हे केंद्राने मान्य केले पाहिजे. आणि तो निर्णय पाण्याचा हिशेब मांडूनच घेऊ, अशी ग्वाही तेथील नेतृत्वाने आपल्या लोकांना दिली पाहिजे. अन्यथा जमीन वाचेल. तिच्यावर राहण्यापुरते पाणी वाचणार नाही.