किनाऱ्याचे कान आणि काटकसरीचे अर्थशास्त्र

हौसेने शीड उभारून समुद्रावर फिरणारी मंडळी हा कष्टकऱ्यांच्या पक्षाचा विषय नव्हे, असे अनेक कार्यकर्त्यांना वाटेल. ज्याच्यापाशी स्वतःची नौका आहे आणि अनुकूल वाऱ्याची वाट पाहत बंदरात दोन दिवस बसून राहण्याइतकी सवड आहे, त्याने आपली काळजी आपण घ्यावी. कामगाराच्या करातून त्याच्यासाठी किनाऱ्यावर रात्रंदिवस माणसे का बसवावीत? प्रश्न रोखठोक दिसतो. परंतु खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या प्रत्येक अर्थमंत्र्यालाही नेमका हाच प्रश्न प्रिय असतो. समाजवाद्याच्या तोंडी आणि खजिनदाराच्या तोंडी एकच वाक्य येऊ लागले, की ते एकदा तपासून घेतलेले बरे.

ब्रिटनच्या किनाऱ्याचे उदाहरण यासाठी फार बोधक आहे. त्या किनाऱ्याने एका बंदरातून दुसऱ्या बंदराला जाणाऱ्या लहान नौकेवर अतिउच्च कंप्रतेचे एक बिनतारी यंत्र असते. वाहिनी 16 वर तटरक्षक केंद्राला हाक द्यायची, केंद्राने सांगितलेल्या दुसऱ्या वाहिनीवर, पुष्कळदा 67 वर, जायचे आणि चार गोष्टी सांगायच्या: नौकेचे नाव, कोठून निघालो, कोठे चाललो, नौकेवर माणसे किती. पोहोचण्याची अंदाजी वेळही सांगायची आणि पोहोचल्यावर तसे कळवायचे, अशी जुनी रीत. केंद्राने त्या नौकेच्या प्रवासावर लक्ष ठेवण्याची हमी कधी घेतली नव्हती. परंतु कोणीतरी ऐकले आहे, नोंदले आहे आणि वेळ आलीच तर शोध कोठून सुरू करायचा हे त्याला ठाऊक आहे, एवढ्या गोष्टीचे मोल समुद्रावर फार असते. तीन-तीन तासांनी हवामानाची वार्ता याच यंत्रावर येते.

या यंत्राचा पल्ला काही शेकडो मैलांचा नाही. लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. डोलकाठीच्या टोकावरची तार जितकी उंच आणि किनाऱ्यावरचा मनोरा जितका उंच, तितके अंतर. थोडक्यात काही दहा मैल. पण त्या टापूत वाहिनी 16 वर उच्चारलेला शब्द कोणा एकाचा राहत नाही. मालवाहू जहाजाचा अधिकारी तो ऐकतो, मासेमारी नौकेचा खलाशी ऐकतो, जीवरक्षक नौकेवरचा स्वयंसेवक ऐकतो आणि शेजारून जाणारी दुसरी शिडाची नौकाही ऐकते. बुडणाऱ्याला वाचवणारा बहुधा सरकारी अधिकारी नसतो. जो सर्वांत जवळ असतो तो असतो. मोबाईल फोनचे नेमके उलट आहे. फोन एका माणसाचा दुसऱ्या माणसाशी खाजगी व्यवहार आहे. शंभर वावांवरून जाणाऱ्या नौकेला त्याचा पत्ताही लागत नाही.

अर्थशास्त्राच्या वर्गात सार्वजनिक वस्तूचे उदाहरण म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दीपगृह दिले गेले. मिलने दिले, सॅम्युएलसनने दिले. एका जहाजाने प्रकाश पाहिला म्हणून दुसऱ्याला तो कमी पडत नाही आणि पैसे न देणाऱ्याला तो दिसू नये अशी व्यवस्थाही करता येत नाही. म्हणून बाजार दीपगृह बांधणार नाही, राज्याने बांधावे. रोनाल्ड कोझ यांनी 1974 साली या दाखल्यावर हल्ला चढवला आणि इंग्लंडातली दीपगृहे खाजगी मंडळींनी बांधली व जहाजांकडून शुल्क घेऊन चालवली, असे दाखवले. बाजारवाद्यांना तेव्हापासून हा निबंध तोंडपाठ आहे. ते शुल्क राजसत्तेच्या सनदेखाली बंदरात सक्तीने वसूल होत असे, ही बारीकशी गोष्ट मात्र पाठांतरात गळून पडते.

बिनतारीचा इतिहास तर याहून बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मार्कोनी कंपनीची केंद्रे प्रतिस्पर्धी कंपनीचे यंत्र बसवलेल्या जहाजाशी बोलण्यास नकार देत. हवेतल्या लहरींवरही मक्तेदारी सांगण्याचा हा प्रकार होता. 1903 साली बर्लिनला परिषद भरली आणि 1906 च्या करारात किनारी केंद्राने यंत्र कोणाचे हे न पाहता प्रत्येक जहाजाशी संदेशांची देवाणघेवाण केली पाहिजे, हे तत्त्व मान्य झाले. 1912 साली टायटॅनिक बुडाले तेव्हा जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजावरचा एकुलता एक बिनतारी कर्मचारी दिवसाचे काम आटोपून झोपला होता. अखंड ऐकत राहण्याचे बंधन त्यानंतर, 1914 च्या करारात आले. ऐकणे हे काम आहे, त्याला पाळ्या लागतात आणि पाळ्यांना माणसे लागतात, हे जगाला दीड हजार प्रेतांनंतर कळले.

जे इतक्या किमतीने शिकले गेले ते विसरण्याचा कार्यक्रम ब्रिटनमध्ये डिसेंबर 2010 मध्ये जाहीर झाला. बँकांनी घातलेला खड्डा जनतेच्या सेवा कापून भरण्याचा तो काळ. किनाऱ्यावर तेव्हा 18 समन्वय केंद्रे आणि लंडनला एक छोटे केंद्र होते. आठच ठेवावीत, त्यांपैकी पाच फक्त दिवसा चालवावीत, असा पहिला प्रस्ताव! जणू वादळ कार्यालयीन वेळ पाहून येते. कर्मचाऱ्यांच्या संघटनेने, मच्छीमारांनी आणि हौशी नाविकांनीही कडाडून विरोध केला; संसदेच्या वाहतूक समितीने 2011 साली प्रस्तावावर कडक टीका केली. रात्री केंद्रे बंद ठेवण्याची कल्पना त्यामुळे बारगळली, हे त्या लढ्याचे यश. पण 2012 ते 2015 या काळात फोर्थ, क्लाइड, यारमथ, सोलंट, पोर्टलंड, ब्रिक्सम, स्वान्झी, लिव्हरपूल, थेम्स ही केंद्रे एकेक करून मिटली आणि फेअरहॅम येथे एक राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. तेथील कर्मचारी देशाच्या कोणत्याही टोकाचा मनोरा वापरून बोलू शकतो. यंत्राच्या दृष्टीने हे खरे आहे. पण स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर टार्बर्ट नावाची गावे एकाहून अधिक आहेत. घाबरलेला माणूस नुसते ‘टार्बर्टजवळ’ म्हणाला तर ते कोणते, हे त्याच्या बोलण्यावरून आणि त्या वेळच्या ओहोटीवरून ओळखणारा कर्मचारी वीस वर्षांत घडतो आणि एका परिपत्रकाने घरी जातो. कोकणच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. मुरुड जंजिऱ्याशी आहे आणि मुरुड दापोलीशीही आहे.

राज्य मागे सरले की पोकळी दोन गोष्टींनी भरली जाते: धर्मादाय आणि यंत्र. कॉर्नवॉलमध्ये लिझार्ड भूशिराजवळ बास पॉइंटची तटरक्षक चौकी बंद झाली आणि थोड्याच काळात तिच्याजवळच दोन मच्छीमार बुडून मेले. त्यातून 1994 साली स्वयंसेवकांची किनारा-निरीक्षण संस्था जन्मली आणि बंद पडलेल्या चौक्यांत निवृत्त माणसे दुर्बीण घेऊन बसू लागली. त्यांच्या निष्ठेला वंदनच केले पाहिजे. पण सरकारने सोडलेली खुर्ची म्हाताऱ्यांनी फुकट भरली, यात सरकारने मिरवावे असे काय आहे? शोध-बचावाची हेलिकॉप्टरेही 2015 पासून हवाई दल व नौदलाकडून काढून एका खाजगी कंपनीला कंत्राटाने दिली गेली.

यंत्राची गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. नौकेची माहिती तटरक्षकांकडे नोंदवण्याचा जुना अर्ज 2018 च्या सुमारास जाऊन त्याच्या जागी फोनमधील एक अ‍ॅप आले. नाविकाने प्रवासाचा बेत त्यात भरायचा. तो वेळेवर पोहोचला नाही तर सूचना प्रथम जाते ती त्याने नोंदवलेल्या नातेवाइकाच्या फोनवर. त्या नातेवाइकाने मग तटरक्षकांना कळवायचे. म्हणजे मध्यरात्री शोध सुरू करायला सांगावे की आणखी तासभर थांबावे, हा निर्णय पगारी, प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून निघून घरी वाट पाहणाऱ्या बायकोच्या माथी आला. अर्थशास्त्रात याला खर्चाचे स्थलांतर म्हणतात. हिशेबाच्या वहीत ती बचत दिसते.

‘ज्याची हौस त्याने पैसे मोजावेत’ या युक्तिवादाला येथे दुसरे उत्तर आहे. सुटकेचे बिल येणार हे माहीत असलेला माणूस हाक उशिरा देतो. आणि उशिरा दिलेली हाक अधिक माणसांचे जीव धोक्यात घालते, त्यांत सुटकेला जाणारेही आले. शिवाय ऐकणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार एक नौका असो की शंभर, तेवढाच पडतो. 1979 च्या हॅम्बुर्ग करारानुसार संकटातल्या माणसाला त्याचे राष्ट्रीयत्व वा दर्जा न पाहता मदत करायची असते. हे कलम श्रीमंताच्या नौकेला लागू पडते म्हणून ज्याला खुपते, त्याने ते दुसऱ्या कोणाकोणाला लागू पडते हेही पाहावे.

24 नोव्हेंबर 2021 च्या पहाटे इंग्लिश खाडीत हवा भरलेल्या रबरी होडीतून आश्रय शोधत निघालेली माणसे बुडाली. किमान 27 जणांचे प्राण गेले. त्यांच्या हाती होते ते मोबाईल फोन. ते फ्रान्सला फोन करीत होते, इंग्लंडला करीत होते आणि तुम्ही दुसऱ्याच्या हद्दीत आहात, असे उत्तर त्यांना मिळत होते. डोव्हरच्या केंद्रात त्या रात्री पुरेशी माणसे नव्हती, हे पुढे चौकशीत आले. हौशी नाविक ज्या कानावर विसंबतो तोच हा कान. नाविकापाशी निदान हाक देण्याचे यंत्र होते आणि ओरडण्याइतकी प्रतिष्ठा होती. केंद्रे बंद होऊ नयेत म्हणून 2011 साली त्याने आवाज उठवला तेव्हा तो नकळत या होडीतल्या माणसांचीही बाजू लढवत होता. आणि ‘हा श्रीमंतांचा प्रश्न’ म्हणून जे डावे तेव्हा दूर राहिले असतील, त्यांनी कोणाला एकटे सोडले?

भारतात तटरक्षक दल 1977 साली उभे राहिले, 1978 च्या कायद्याने त्याला रूप आले. येथे हौशी नाविक मूठभर. समुद्रावर असतो तो कोळी. किनाऱ्यापासून दूर गेले की तांडेलाचा फोन मुका होतो, आणि 1554 हा तटरक्षकांचा क्रमांक मुक्या फोनवरून लागत नाही. 2008 साली ‘कुबेर’ नौका पळवून मुंबईवर हल्ला झाला, तेव्हापासून किनाऱ्यावर सरकारची नजर वाढली. ओळखपत्रे आली, गस्त आली. नजर संशयिताची असते. ऐकण्याची सोय त्या प्रमाणात वाढली काय?

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते दोन कार्यक्रम झाले. सुमारे 360 कोटींची, मच्छीमार नौकांवर एक लाख उपग्रह-संदेशयंत्रे बसवण्याची योजना सुरू झाली. आणि त्याच मांडवात, ज्याला तिथला कोळी वर्षानुवर्षे विरोध करीत आला, त्या सुमारे 76 हजार कोटींच्या वाढवण बंदराची कोनशिला बसली. यंत्रे यावीत, त्यांचे स्वागतच आहे. पण विधिमंडळातील पक्षाच्या प्रतिनिधींनी सरकारला काही साधे प्रश्न लेखी विचारावेत. या यंत्राचा संदेश रात्री दोन वाजता कोणत्या गावच्या कोणत्या खोलीत उमटतो? तेथे पाळीवर किती माणसे असतात, त्यांपैकी कायम किती आणि कंत्राटी किती? त्यांतल्या कितीजणांना कोळ्याची बोली कळते? आणि तांडेलाने नुसते ‘मुरुड’ म्हटले, तर ते कोणते मुरुड हे त्यांतला कोण सांगेल?