शिशाची गोळी आणि तिची जागा

१/ येडगावच्या धरणात कुकडीचे पाणी अडते. तिथून शिवनेरी, हडसर, नारायणगड हे सारे गड दिवसाभराच्या अंतरात आहेत. पावसाळा सरला की गडांच्या उतारांवरची माती धुपते, आणि तिच्यातून कधी एखादी बोराएवढी, पांढुरक्या थराची, आकाराच्या मानाने फार जड अशी गोळी वर येते. ती पाहणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. त्या हाताने थांबावे, एवढेच या धाग्याचे म्हणणे आहे.

२/ जुन्या शस्त्रांविषयी लिहिले जाते ते बहुतेक बंदुकीविषयी. संग्रहालयातही मान तिलाच मिळतो, गोळी कोपऱ्यातल्या वाटीत पडून राहते. वास्तविक काळ्या दारूच्या युगात शस्त्राचा स्वभाव ठरवणारा घटक गोळीच होता. तिची निवड कशी होई आणि ती भरली कशी जाई हे समजले, की मातीत सापडलेली गोळी बोलू लागते.

३/ सुरुवात रिव्हॉल्वरपासून करावी. सॅम्युएल कोल्टने १८३५ मध्ये ब्रिटनमध्ये आणि १८३६ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले. त्या काळी तयार काडतूस नव्हते. फिरत्या दंडगोलातल्या प्रत्येक घरात पुढून मोजकी दारू ओतायची, तिच्यावर गोळी ठेवायची, नळीखालच्या दट्ट्याने ती आत दाबायची आणि घराच्या मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची. पाच-सहा बारांसाठी हा सोपस्कार पाच-सहा वेळा.

४/ यातली खरी मेख गोळीच्या मापात आहे. १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्वरचे माप ०.३६ इंच म्हणून ओळखले जाते, पण तिची गोळी सुमारे ०.३७५ इंच व्यासाची, म्हणजे घरापेक्षा किंचित मोठी असे. दाबताना शिशाची एक बारीक कडी तासली जाऊन बाहेर पडे आणि गोळी घरात घट्ट बसे. ती सैल राहिली तर एका बाराच्या धक्क्याने शेजारची गोळी पुढे सरकून दंडगोल अडकण्याची भीती. त्याहून वाईट म्हणजे एका घराची ठिणगी दुसऱ्यात शिरून अनेक घरे एकदम पेटण्याची भीती. म्हणून शिसे शुद्ध आणि मऊ हवे. कठीण मिश्रधातू दट्ट्याला दाद देत नाही. गोळीवर चरबीचा लेपही देत, कारण काळ्या दारूची काजळी मऊ राहिली नाही तर यंत्र लवकरच जाम होई.

५/ ठासणीच्या बंदुकीचे गणित नेमके उलटे. ब्रिटिश फौजेच्या ‘ब्राऊन बेस’ची नळी सुमारे ०.७५ इंचाची, तर गोळी सुमारे ०.६९ इंचाची. काही बारांनंतर नळीत काजळी साचते आणि मापाची गोळी गजानेही खाली उतरत नाही. लढाईत तेवढा वेळ कुणाला? म्हणून गोळी मुद्दाम लहान ठेवत. भरणे जलद होई, नेम मात्र ढळे. तेव्हा ‘जुन्या बंदुकांचा नेम वाईट होता’ एवढे म्हणणे अपुरे आहे. वेगासाठी नेमाचा सौदा झालेला होता, आणि तो जाणूनबुजून झाला होता.

६/ हाच धागा १८५७ पर्यंत पोहोचतो. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीत नळीला आतून पीळ होते आणि गोळी लांबट होती. ती सहज खाली उतरावी आणि बार होताच फुगून पिळांत बसावी, अशी तिची रचना होती. त्यासाठी कागदी काडतुसाला वंगण लागे, आणि काडतूस दातांनी फाडण्याची रीत होती. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. ३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातही २७ व्या मुंबई देशी पायदळाने उठाव केला. शाळेत चरबी कोणत्या प्राण्याची होती हे विचारले जाते. काडतुसाला चरबी मुळात लागलीच का, हे क्वचितच विचारले जाते. तांत्रिक गरज आणि धर्मभावना यांची गाठ कुठे पडली, ते या दुसऱ्या प्रश्नाशिवाय कळत नाही.

७/ आता उतारावरच्या त्या गोळीकडे परत येऊ. तिच्यावर साच्याच्या दोन फाळांची शिवण असेल. शिसे ओतले त्या जागी काप असेल. पिळांच्या रेघा असतील तर ती रायफलीतून किंवा रिव्हॉल्वरमधून सुटली. गजाचा ठसा असेल तर ती नळीत ठासली गेली. चपटी असेल तर कशावर तरी आदळली. गोल आणि अभंग असेल, तर बहुधा घाईत कुणाच्या हातून निसटली. एवढे गोळी स्वतः सांगते. ती कुठून कुठे गेली आणि तिच्या आसपास आणखी किती पडल्या, हे मात्र तिची जागाच सांगते.

८/ जागेचे मोल किती, याचे उदाहरण अमेरिकेतील लिटल बिगहॉर्नचे आहे. १८७६ च्या त्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले. १९८४ पासून पुरातत्त्वज्ञांनी प्रत्येक गोळीची आणि काडतुसाची जागा नकाशावर नोंदवली. काडतुसांवरील आघाताच्या खुणा जुळवून एकेका बंदुकीचा रणांगणावरील प्रवास काढता आला. त्याच गोळ्या आधी पर्यटकांच्या खिशांतून गेल्या असत्या, तर हा नकाशा कधीच झाला नसता.

९/ जुन्नरशी नाते असलेला प्रश्नही असाच आहे. मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात जुन्नरातून केली. त्याच निजामशाहीच्या अहमदनगर किल्ल्याला १५९५-९६ मध्ये मोगलांचा वेढा पडला, तेव्हा चांदबिबीने गोळ्या संपल्यावर तांबे, चांदी, अखेर सोनेही तोफांत भरले, अशी परंपरा आहे. कथा सुंदर आहे. तिचा खरेखोटेपणा तपासायचा तर आधार एकच: जागेवर, नोंदीसह सापडलेला धातू. खिशात गेलेला तुकडा त्या कथेची साक्ष देऊ शकत नाही आणि तिला खोटेही ठरवू शकत नाही.

१०/ एक धोकाही ध्यानात ठेवावा. ‘आज्ञापत्रा’त दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर ठेवण्याची आणि दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून ऊन देण्याची ताकीद आहे. ओल ही दारूची शत्रू. कोरडी राहिली तर मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहते. घरातली आजोबांची ठासणीची बंदूक ‘रिकामी’ आहे असे गृहीत धरून चाप ओढून पाहणे, किंवा सापडलेला पोकळ तोफगोळा घासणे, हा अविचार आहे. शिशाचा पांढरा थरही विषारी असतो आणि तो घासला की खुणाही पुसल्या जातात.

११/ यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो: उचलले नाही तर पाऊस वाहून नेईल, नाहीतर भंगारवाला नेईल, हौशी संग्राहकांनीच कितीतरी वस्तू वाचवल्या. हे खरे आहे, आणि त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्या काळी प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आणि अक्षांश-रेखांश सांगणारे यंत्र नव्हते. आज आहे. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र, जागेची नोंद आणि पुरातत्त्व खात्याला कळवणे, एवढ्याने वस्तू आणि तिची साक्ष दोन्ही वाचतात. आधीच घरी असलेल्या गोळीसोबत ती कुठे, कधी मिळाली याची चिठ्ठी ठेवावी.

१२/ कायदाही याच बाजूला आहे. १८७८ च्या निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शिवनेरी संरक्षित स्मारक आहे आणि २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. परंतु भीतीपेक्षा जिज्ञासा हे अधिक चांगले कारण ठरावे. गडावर जाणाऱ्याला इतिहास हवा असतो. गोळी उचलली की त्याच्या हाती दोन-तीन तोळे शिसे येते. ती जागेवर राहिली, तर कुणीतरी कुठे उभा होता, कोणत्या दिशेला तोंड करून होता आणि किती घाईत होता, हे उद्या कुणाला तरी सांगता येईल.